धमनी उघडली, पण रक्त हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोहोचले का?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय कितपत सावरणार, हे केवळ मोठ्या धमनीवर अवलंबून नसते. केसाहूनही बारीक असलेल्या रक्तवाहिन्यांचे जाळे त्यात निर्णायक ठरते. बीडसारख्या दूरवर पसरलेल्या जिल्ह्यात या जाळ्याचे भवितव्य अनेकदा रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच ठरून जाते.

हृदयविकाराचा झटका आला, रुग्णाला मोठ्या शहरात नेले, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि 'ब्लॉक निघाला' असे डॉक्टरांनी सांगितले, की नातेवाईक सुटकेचा नि:श्वास सोडतात. पुष्कळ रुग्ण त्यानंतर खरोखरच ठणठणीत होतात. काही रुग्णांना मात्र महिना-दोन महिन्यांनंतरही जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशा उंच करून झोपावे लागते. स्टेंट तर उघडा असतो. मग बिघडले कुठे, असा प्रश्न घरच्यांना पडतो. त्याचे उत्तर बहुतेकदा अँजिओग्राफीच्या पडद्यावर न दिसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत सापडते.

ठिबकच्या नळ्यांसारखे जाळे

मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही रचना समजावून सांगणे अवघड नाही. ठिबक सिंचनात विहिरीवरून मोठी पाइपलाइन येते, तिला उपनळ्या फुटतात आणि शेवटी ड्रिपरमधून थेंब थेंब पाणी झाडाच्या मुळाशी जाते. मुख्य पाइपमधील अडथळा काढला, तरी ड्रिपर गाळाने चोंदलेले असतील, तर झाड वाळतेच. हृदयाचेही तसेच आहे. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या धमन्या काही मिलिमीटर व्यासाच्या असतात. अँजिओग्राफीत दिसतात त्या याच. त्यांना फुटणाऱ्या धमनिका अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात. त्यापुढील केशवाहिन्यांचा व्यास जेमतेम ५ ते १० मायक्रॉन असतो. तांबडी रक्तपेशी साधारण सात-आठ मायक्रॉनची असल्याने ती अनेक ठिकाणी अंग चोरूनच पुढे सरकते. हृदयाच्या जवळजवळ प्रत्येक स्नायूतंतूच्या शेजारी अशी एक केशवाहिनी असते.

हृदयाला स्वत:साठी मिळणारे रक्त मिनिटाला सुमारे पाव लिटर, म्हणजे ते शरीराला पुरवीत असलेल्या एकूण रक्ताच्या जेमतेम पाच टक्के असते. शरीरातील इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातील प्राणवायूचा थोडाच भाग उचलतात. हृदय मात्र विश्रांतीतही सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेते. त्यामुळे कष्टाच्या वेळी त्याला अधिक प्राणवायू हवा असेल, तर रक्तप्रवाह वाढविण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. निरोगी हृदयात हा प्रवाह गरजेनुसार चार ते पाच पटींपर्यंत वाढू शकतो. ही वाढ घडवून आणण्याचे काम मोठ्या धमन्या नव्हे, तर धमनिका करतात.

धमनिकांना सैल होण्याचा निरोप देते ते रक्तवाहिनीचे आतील अस्तर. अवघ्या एका पेशीच्या जाडीचा हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये अस्तराचे हे कार्य दाखवून दिले. पुढे १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना त्याबद्दल वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हे चौघे सर्वांत आधी घाव घालतात ते याच अस्तरावर.

अडथळा निघूनही प्रवाह का थांबतो?

१९७४ मध्ये रॉबर्ट क्लोनर, चार्ल्स गॅनोट आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदयाची धमनी काही काळ बांधून ठेवायची आणि मग सोडायची, असा हा प्रयोग होता. ४० मिनिटांनी धमनी सोडली, तेव्हा रक्त सर्वत्र पसरले. ९० मिनिटांनी सोडली, तेव्हा मात्र धमनी पूर्ण मोकळी असूनही स्नायूच्या आतील काही भागांत रक्त शिरलेच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तेथील केशवाहिन्यांच्या पेशी सुजून आतील वाट बंद झालेली आढळली. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला 'नो-रिफ्लो', म्हणजे प्रवाह न परतणे, असे नाव मिळाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, झुरिच येथे आंद्रेआस ग्रुएंट्झिग यांनी माणसाच्या हृदयावरील पहिली अँजिओप्लास्टी केली. पुढे हा उपचार जगभर रूढ झाला आणि प्रयोगशाळेतील तो प्रश्न रुग्णांमध्येही दिसू लागला. त्यामागे अनेक कारणे एकत्र काम करतात. फुग्याने गुठळी दाबली जाताना तिचे बारीक तुकडे खालच्या वाहिन्यांत वाहून जातात. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट केशवाहिन्यांत अडकतात. अस्तर सुजते, धमनिका आकसतात. भोवतालच्या स्नायूला आलेली सूज बाहेरूनही वाहिन्यांना चेपते. नुकसान फार झालेले असेल, तर केशवाहिन्या फुटून स्नायूतच रक्तस्राव होतो.

हा प्रकार विरळा नाही. सात चाचण्यांतील सुमारे १,७०० रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या एमआरआय तपासणीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील अडथळा आढळला. हा अडथळा जितका मोठा, तितका पुढील वर्षभरातील मृत्यूचा व हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचा धोका अधिक, असेही त्यात दिसून आले.

हृदय सावरते कसे?

झटका बसलेला सगळा स्नायू मरत नाही. रक्त वेळेवर परतले, तर बराचसा भाग जिवंत राहतो. परंतु तो लगेच कामाला लागत नाही. या अवस्थेला १९८२ मध्ये युजीन ब्राउनवाल्ड व रॉबर्ट क्लोनर यांनी 'स्टन्ड', म्हणजे बधिर झालेला स्नायू, असे संबोधले. असा स्नायू काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत पुन्हा आकुंचन पावू लागतो. झटक्याच्या दुसऱ्या दिवशीच्या इको तपासणीत हृदयाची पंपिंग क्षमता कमी दिसली म्हणून खचून जाण्याचे कारण नसते, ते यामुळेच. खरा अंदाज काही आठवड्यांनंतरच्या इकोमधून येतो.

जो भाग मेला, तेथे दुरुस्तीचे काम सुरू होते. आधी पांढऱ्या पेशी मृत ऊती साफ करतात, मग तंतू विणणाऱ्या पेशी येतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत पक्का व्रण तयार होतो. साफसफाई करणाऱ्या या पेशी येतात त्या रक्तावाटेच. सूक्ष्म वाहिन्या बंद असतील, तर हे काम रेंगाळते, व्रण कमकुवत राहतो, हृदयाची भिंत पातळ होऊन ताणली जाते आणि कप्पा मोठा होत जातो. सुरुवातीला उल्लेखिलेली धाप आणि पायांची सूज यांचे मूळ येथे असते.

नवे स्नायू तयार होत नाहीत का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९५० व ६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन त्याचे उत्तर शोधले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार पंचविशीत हृदयाच्या सुमारे एक टक्का स्नायूपेशी वर्षभरात नव्याने तयार होतात. पंचाहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली येते. मोठी हानी भरून काढण्यास हा वेग अगदीच अपुरा आहे. अस्थिमज्जेतील पेशी किंवा वाहिन्या वाढविणारी जनुके हृदयात सोडण्याचे प्रयोग गेली दोन दशके झाले. पण ते नित्याचे उपचार ठरू शकलेले नाहीत. त्यामुळे जे स्नायू वाचविता येतील, ते वाचविणे हाच खरा उपाय उरतो.

विंचवाच्या विषाने दिलेला धडा

हृदयाला इजा होते ती केवळ गुठळीमुळेच नव्हे. लाल विंचवाचा दंश हे त्याचे ग्रामीण महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण. या विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे शरीरात अॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. लहान रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, रक्तदाब चढतो आणि काही तासांत हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरते. मोठ्या धमन्यांत कोणताही अडथळा नसताना हे घडते.

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड परिसरात या रुग्णांचा अभ्यास केला. हृदयावरील परिणामांची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून मांडली. आकसलेल्या वाहिन्या सैल करणाऱ्या 'प्राझोसिन' या स्वस्त गोळीचा उपयोग १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ३० ते ४० टक्के दगावत असत. या गोळीनंतर हे प्रमाण एकेरी आकड्यावर आले. पुढे ७० रुग्णांवर झालेली त्यांची चाचणी २०११ मध्ये 'बीएमजे'त आली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन घेतलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

ब्राझीलमधील डॉक्टरांनी तेथील विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांच्या हृदयातील रक्तपुरवठ्याची किरणोत्सारी द्रव्याच्या साह्याने तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाचे आकुंचन कमकुवत होण्याचा संबंध स्नायूतील रक्तपुरवठ्याच्या बिघाडाशी असल्याचे त्यात दिसले. प्राण वाचलेल्या रुग्णांचे हृदय बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. झटक्याच्या रुग्णांनाही यातून दिलासा मिळावा. सूक्ष्म वाहिन्या मोडल्या नसतील, नुसत्या आकसल्या असतील आणि त्या वेळेत सैल झाल्या, तर हृदय सावरू शकते.

तपासणी कशी होते?

सूक्ष्म वाहिन्या अँजिओग्राफीत थेट दिसत नाहीत. त्यांचा अंदाज परिणामांवरून बांधावा लागतो. सर्वांत साधे साधन ईसीजी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिल्यानंतर ६० ते ९० मिनिटांत ईसीजीतील उंचावलेला भाग निम्म्याहून अधिक खाली आला, तर रक्त स्नायूपर्यंत पोहोचत असल्याची ती चांगली खूण समजतात. ही तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते. मोठ्या रुग्णालयात दाब व तापमान मोजणारी केसासारखी बारीक तार धमनीत सरकवून सूक्ष्म वाहिन्यांचा अवरोध आकड्यांत मोजतात. ही पद्धत २००३ मध्ये अमेरिकेतील विल्यम फिअरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. एमआरआयमध्ये बंद पडलेला भाग पांढऱ्या व्रणाच्या आतील काळ्या डागासारखा दिसतो.

छातीत दुखते; पण अँजिओग्राफी 'नॉर्मल' येते, अशा रुग्णांनाही या तपासण्यांचा उपयोग होतो. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. अशा वेळी 'मनाचे दुखणे' म्हणून बोळवण होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेकींच्या सूक्ष्म वाहिन्या गरजेच्या वेळी रुंदावत नसतात. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या, मधुमेह असलेल्या महिलांनी या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये.

खात्रीचा उपाय: वेळ

नो-रिफ्लोवर औषध शोधण्याचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. अॅडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड, व्हेरापामिल ही औषधे धमनीत सोडल्यास प्रवाह त्या वेळी सुधारतो. रुग्णाच्या दीर्घ आयुष्यावर त्यांचा परिणाम ठामपणे सिद्ध झालेला नाही. प्रत्येक रुग्णाची गुठळी नळीने ओढून काढण्याचा फायदा २०१३ व २०१५ मधील मोठ्या चाचण्यांत दिसला नाही. २०१५ मध्ये सायक्लोस्पोरिन आणि २०१९ मध्ये धमनीत थेट दिलेले गुठळी विरघळविणारे औषधही अपेक्षेस उतरले नाही. केशवाहिन्या मिटण्यापूर्वी रक्त परत आणणे, हाच आजवरचा सर्वांत भक्कम उपाय आहे.

बीड जिल्ह्यापुढील अडचण नेमकी हीच आहे. अकरा तालुके, दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आणि बालाघाटच्या डोंगररांगांत विखुरलेल्या वाड्या-वस्त्या. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटरवर आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून आहे. परंतु आष्टी किंवा पाटोद्याच्या रुग्णाला तेही जवळ नाही. देशातील २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेणारा 'क्रिएट' हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे तब्बल सहा तास होता. गरीब रुग्णांना आवश्यक उपचार कमी मिळाले आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही अधिक होते.

अशा ठिकाणी मोठ्या शहराकडे धाव घेणे हाच एकमेव मार्ग असतो, असे मात्र नाही. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल आणि रुग्णाला काही वैद्यकीय अडचण नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लगेच द्यावे आणि त्यानंतर रुग्णाला पुढे हलवून साधारण २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निदान झाल्यापासून इंजेक्शनपर्यंत दहा मिनिटांहून अधिक वेळ जाऊ नये, अशी त्यांची अपेक्षा आहे. घरच्यांनी खासगी जीप शोधत बसण्याऐवजी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करणे श्रेयस्कर. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. 'पित्त झाले असेल' म्हणून रात्र काढणे हे हृदयाला सर्वांत महाग पडते. मधुमेही व वृद्ध रुग्णांत तर छातीत न दुखता केवळ घाम, धाप किंवा मळमळ एवढीच लक्षणे असू शकतात.

घरी परतल्यावर

उपचारानंतरचे पहिले दोन महिने व्रण पक्का होण्याचे असतात. हृदयावरील ताण कमी करणारी औषधे या काळात कप्पा ताणला जाण्याचे प्रमाण कमी करतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात. त्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये नव्याने गुठळी होण्याचा धोका असतो. बीडमधून दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यासाठी गोळ्यांचा खंड हा मोठाच धोका आहे. निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाची औषधे, ईसीजी-इकोचे कागद आणि स्टेंटचे कार्ड सोबत घेणे आणि मोळी उचलण्यासारखे जड काम कधी सुरू करावे हे डॉक्टरांना विचारून ठरविणे अगत्याचे आहे.

नियमित, बेताचा व्यायाम हा सूक्ष्म वाहिन्यांवरील चांगला उपचार आहे. जर्मनीत झालेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार आठवड्यांच्या व्यायामाने हृदयाच्या वाहिन्यांचे अस्तर पुन्हा अधिक चांगले काम करू लागल्याचे आढळले. भारतातील २४ केंद्रांवर सुमारे चार हजार रुग्णांमध्ये झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मृत्यू वा नव्या झटक्याचे प्रमाण त्यात लक्षणीयरीत्या घटले नाही. मात्र रुग्णांना स्वत:ची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. चालणे आणि योगासने यांना महागडे यंत्र लागत नाही. तंबाखू, विडी आणि मिश्री सोडण्यालाही पैसे लागत नाहीत.

रुग्णालयातून निघताना नातेवाईकांनी डॉक्टरांना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. हृदयाची पंपिंग क्षमता किती राहिली? स्नायूपर्यंत रक्त नीट पोहोचते आहे का? पुढचा इको कधी करायचा? ही उत्तरे कागदावर लिहून घेतली, तर पुढील वर्षभर गावच्या डॉक्टरांनाही उपचाराची दिशा कळेल.